सतरा मुलांची शाळा आणि रजेचा अर्ज

प्रश्न: २०२४ च्या भरतीत पवित्र पोर्टलमधून निवड होऊन मी कोकणातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले. पहिली ते पाचवी, पट १७, आम्ही दोघं शिक्षक. येत्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, एक पद जाणार असं आमच्या शाळांच्या केंद्रात सगळे म्हणतात. सामूहिक रजा टाकून मोर्चाला या, असा संघटनेचा निरोप आहे. घरचे म्हणतात, तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. वाडीतले म्हणतात, एवढा पगार असताना गुरुजी लोकांना मोर्चे कशाला लागतात? मी जावं का? आणि गेल्यानं खरंच काही थांबतं का?

उत्तर:

ताई, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली अर्ध्याहून जास्त वर्षं संघटनेच्या तालुका कार्यकारिणीत होतो. निवेदनं लिहिली, मोर्चांना गाड्या ठरवल्या, अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलो. तुमचा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा बैजवार लिहितो.

मोर्चाला जा. पण रजेचा अर्ज देण्याआधी वाडीत पालकांची बैठक लावा. बैठक न घेता गेलात तर मोर्चात एक माणूस वाढेल, तुमच्या शाळेच्या पदाला त्याचा फारसा उपयोग होणार नाही. इतक्या वर्षांत मी जी पदं आणि ज्या शाळा वाचलेल्या पाहिल्या, तिथे दर वेळी मास्तरांच्या आधी गाव बोललेलं होतं.

शिक्षणावरचा खर्च कमी करायचाय असं कुठलाही शासन निर्णय म्हणत नाही. मी नोकरीत असताना २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पूर्ण पगाराऐवजी मानधन. प्राथमिकला ते महिन्याला ३,००० रुपये होतं. पुढे ६,००० झालं आणि २०२३ मध्ये १६,०००, जे आज तुम्ही घेता. नवीन शिक्षकांना 'तयार' करण्याची ही योजना असल्याचं सांगितलं गेलं, पण शिकवायचं काम पहिल्या दिवसापासून पूर्णच होतं. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का याची मोजणी. बोगस पट सापडले, ते सापडायलाच हवे होते. पण त्यानंतर २०१२ पासून शिक्षक भरती जी थांबली, ती पवित्र पोर्टलची पहिली निवड यादी लागेपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, जवळपास बंदच राहिली. त्या काळात दर मे महिन्यात आमच्या तालुक्यात निरोप समारंभ व्हायचे आणि जूनमध्ये त्या खुर्च्या रिकाम्याच राहायच्या. आमच्याकडे कुणाला काढलं नाही, कुठली शाळा बंद केली नाही, तरी शिक्षक कमी होत गेले. कपातीचा हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्याविरुद्ध मोर्चा काढायला एखादी तारीखसुद्धा सापडत नाही.

२०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या, बंद करून शेजारच्या शाळेत मिळवायच्या १,३१४ शाळांची यादी आली. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एका ठिकाणी आणण्याचे, प्रस्ताव मागवणारं पत्र निघालं आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत व नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्याची उदाहरणं म्हणून दाखवली गेली. तेव्हा शासनाचेच आकडे होते: २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करून पाहा, शाळेमागे १२-१३ मुलं आणि दोन शिक्षक येतात. मंत्रालयात बसून हा आकडा पाहिला तर तो उधळपट्टीसारखा दिसणारच. तुमच्यासारखं वाडीवर उभं राहिलं की त्यातलं एकेक मूल दिसतं.

आता तुमच्या पदाचं बोलू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्पष्ट लिहिलंय. पट १७ असो की ५७, शिक्षक दोन. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं यातच फट पाडली. २० पर्यंत पट असलेल्या शाळेत नियमित शिक्षक एक आणि दुसरा सेवानिवृत्तांमधून, अशी त्याची मांडणी. सहावी ते आठवीचं तर त्याहून वाईट, २० च्या आत पट गेला की पदच मंजूर नाही. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षकदिनीच, आणखी एक निर्णय आला. २० आणि त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका पदावर निवृत्त शिक्षक किंवा डी.एड., बी.एड. झालेले बेरोजगार तरुण घ्यायचे, महिना १५,००० रुपयांच्या कंत्राटावर. त्या दिवशी तालुक्याच्या गावी शिक्षकदिनाचा कार्यक्रम चालू होता. हातात गुलाबाची फुलं घेऊन आम्ही मोबाइलवर तो निर्णय वाचत उभे होतो.

दुसरा शिक्षक गेला तर काय होतं हे तुम्ही अजून अनुभवलेलं नाही. कधी अनुभवावं लागू नये. मी एका वाडीवर सव्वा वर्ष एकटा होतो, चार वर्ग, २२ मुलं. फळा एकच, त्याचे खडूनं चार भाग केलेले. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायला वळलो की दुसरीतल्या दोघांचं भांडण लागलेलं असायचं. दहा वाजता खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे, साडेदहाला केंद्रातून फोन यायचा की अमुक माहिती आजच पाठवा. तालुक्याला बैठक असली की पहिलीची मुलं चौथीतल्या एका मुलीच्या हवाली करून जावं लागे. ती मुलगी फार समजूतदार होती. पाटी घेऊन लहानग्यांना पाढे म्हणायला लावायची. पण त्या दिवसांत तिला स्वतःला कुणी शिकवलं? त्या वर्षी चौथीतल्या सहापैकी चार मुलांना हातच्याची वजाबाकी धड येत नव्हती आणि ती तशीच पाचवीला गेली. कुठल्याही अहवालात 'दुसरं पद नसल्यामुळे' असा रकाना नव्हता. आपण लढतो ते या रकान्यासाठी. संघटनेच्या निवेदनात हे लिहिलं जात नाही याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

मोर्चानं काही थांबतं का? थांबतं, पण नेमकं काय थांबतं आणि काय नाही, हे नीट पाहायला हवं.

५ सप्टेंबरच्या त्या निर्णयाविरुद्ध राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षक संघटना एकत्र आल्या. एरवी त्या एकमेकींच्या सभेलासुद्धा जात नाहीत. २५ सप्टेंबर २०२४ ला सामूहिक रजा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चा असं ठरलं. मोर्चाच्या दोनच दिवस आधी, २३ तारखेला, शासनानं २० ची अट १० वर आणली. तरी मोर्चे निघाले, आणि मी गेल्या कित्येक वर्षांत एवढी गर्दी पाहिली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णयच रद्द झाला. त्याआधी २०२३ मध्येही असंच घडलं होतं. बाह्य यंत्रणेमार्फत पदं भरण्याचा सप्टेंबरमधला निर्णय विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे तरुण, शिक्षक आणि विरोधी पक्ष सगळेच रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. म्हणजे जो निर्णय एका कागदावर आहे, ज्याला तारीख आहे, ज्याचा फटका साध्या माणसाला एका वाक्यात सांगता येतो, तो मागे घ्यायला लावता येतो.

१५ मार्च २०२४ चा निर्णय मात्र तसा हलला नाही. एक तर तो वाचायला कठीण. कोष्टकं, पटाचे टप्पे, नवीन पदाला वेगळी अट आणि जुनं पद टिकवायला वेगळी. मी स्वतः तीनदा वाचला तेव्हा उलगडला. पालकांपर्यंत तो पोचवायचं काम आम्ही केलंच नाही. दुसरं म्हणजे, पुढच्या आंदोलनांत तो इतर मागण्यांच्या गर्दीत गेला. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला. सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं भाग पडलं. २०-२५ वर्षं शिकवलेल्या माणसाची झोप उडणं साहजिक होतं आणि त्यांची बाजू मांडणं संघटनेचं कामच आहे. पण ५ डिसेंबर २०२५ च्या शाळा बंद आंदोलनात टीईटी आणि संचमान्यता या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात होत्या आणि आमच्या भागात चहाच्या टपरीपासून बाजारापर्यंत चर्चा झाली ती फक्त टीईटीची. 'मास्तरांना परीक्षा नको' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मुलांची मागणी आणि शिक्षकांची मागणी एकाच कागदावर लिहिली की मुलांची मागणी झाकली जाते. माझं चाललं असतं तर मी दोन वेगळे दिवस ठेवले असते आणि संचमान्यतेच्या दिवशी पालकांना पुढे चालवलं असतं.

मार्च २०२३ मधल्या जुन्या पेन्शनच्या संपाचंही तेच. १४ ते २० मार्च, सात दिवस. मागणी रास्त होती; १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांचं म्हातारपण मी डोळ्यांसमोर पाहतो. पण तेव्हा बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या आणि गावागावांत जे मन कलुषित झालं ते पुढच्या वर्षी शाळेसाठी लोकांकडे जाताना आम्हाला नडलं. एका सरपंचांनी मला तोंडावर सांगितलं, 'गुरुजी, पेन्शनच्या वेळी तुम्ही आम्हाला विचारलं नव्हतं.' मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट नवीन शिक्षकांना कुणी सांगत नाही. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत, पण त्यांना निवडून देतात माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. तुम्हाला आणि मला त्यात मत नाही. राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. प्राथमिक शिक्षक संख्येनं इतके, पण सभागृहात त्यांच्या मतावर निवडून आलेला माणूस नाही. त्यामुळे आपली ताकद दोनच ठिकाणी: एकजूट आणि पालक. एकजुटीचं म्हणाल तर संघटना डझनावारी आहेत, बदल्यांच्या मोसमात प्रत्येकीचं धोरण बदलतं, आणि शिक्षक पतसंस्थेची निवडणूक आली की तालुक्यातले उत्तम कार्यकर्ते सहा महिने त्यातच जुंपलेले असतात. मी हे आतून पाहिलंय आणि तरीही तुम्हाला सभासद व्हा असंच सांगतो. कारण संघटना नसती तर ५ सप्टेंबरचा निर्णय आजही लागू असता. एकट्या शिक्षकाचं पत्र आवक-जावक नोंदवहीतून पुढे सरकत नाही.

पालकांना सोबत घेणं म्हणजे काय, ते एका अनुभवातून सांगतो.

१,३१४ शाळांची यादी निघाली त्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेचं समायोजन करण्याचा, म्हणजे ती शेजारच्या शाळेत मिळवण्याचा, प्रस्ताव तयार झाला. पट नऊ. कागदावर लिहिलेलं होतं, शेजारची शाळा एक किलोमीटरच्या आत. नकाशावर सरळ रेघ मारली तर ते खरंही असेल. पण मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा आहे, आणि पऱ्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेलेला. आम्ही पहिला विचार केला तो नेहमीसारखा: निवेदन द्यायचं, धरणं धरायचं. तेव्हा संघटनेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी कोण त्या वाटेनं चालून आलंय? कुणीच नाही.

मग एका रविवारी आम्ही चौघं शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सात-आठ पालक आणि ग्रामपंचायतीची ३० मीटरची टेप असे निघालो. मुलं ज्या वाटेनं जाऊ शकतील तीच वाट धरायची असं ठरलं. एकानं टेपचं टोक धरायचं, दुसऱ्यानं पुढे जाऊन दगडावर खडूनं खूण करायची, तिसऱ्यानं वहीत रेघ मारायची. वहीत ८० रेघा झाल्या. म्हणजे २,४०० मीटर, तेही दोन चढ धरून. एक आजी नातीला कडेवर घेऊन आमच्याबरोबर पऱ्यापर्यंत आली आणि तिथल्या खडकावर बसली. म्हणाली, 'आता थंडीत हा कोरडा दिसतोय. आषाढात या. माझी नात सहा वर्साची, तिला यातून कोन नेनार?' हे वाक्य आम्ही जसंच्या तसं, तिच्या अंगठ्यासह, ठरावात घातलं. ग्रामसभेचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मोजमापाचा तक्ता, त्यावर १४ पालकांच्या सह्या, आणि शेवटी दोन ओळी: कायदा शेजारच्या शाळेचा हक्क देतो, राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी ते अंतर एक किलोमीटर आहे.

हा कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शिक्षक गेले नाहीत, पालक गेले. आम्ही बाहेर थांबलो. तो प्रस्ताव अंतराच्या फेरतपासणीसाठी परत आला आणि मग पुन्हा वर गेलाच नाही. ती शाळा अजून चालू आहे. ना घोषणा, ना मंडप, आणि आमच्या तालुक्यातलं मी पाहिलेलं सगळ्यात यशस्वी आंदोलन तेच.

तुमच्या शाळेचं तसंच काहीतरी असेल. अंतर नसेल तर ओढा असेल, महामार्ग ओलांडायचा असेल, एसटी सकाळी एकच येत असेल. तुमचा मुद्दा शाळा बंद होण्याचा नसून पद जाण्याचा आहे हे मला कळतं. पण एकशिक्षकी झालेल्या शाळेतून पालक मुलं काढतात, पट दहाच्या खाली जातो आणि पुढच्या यादीत ती शाळा येते. हे मी माझ्या केंद्रातच दोनदा पाहिलं. म्हणून पद आणि शाळा ही एकाच दोरीची दोन टोकं समजा.

दुसरं, तुमच्या हातातलं काम म्हणजे पट. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार वैध असलेली मुलंच मोजतात. १७ मुलं वर्गात बसलेली असतात आणि शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर १४ दिसतात, कारण कुणाच्या नावात 'ई' ऱ्हस्व झालाय, कुणाच्या जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे पडलेत, कुणा कातकरी मुलाचं आधारच काढलेलं नाही. दगडखाणीवर किंवा वीटभट्टीवर कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं तर गणतीतून हमखास सुटतात. जूनमध्येच जनरल रजिस्टर आणि आधारची यादी शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहा. नावं दुरुस्त करायला आधार केंद्रावर पालकांबरोबर स्वतः जा, कारण एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं आणि सर्व्हर बंद म्हणून परत यायचं, हे कुठलंही कुटुंब दुसऱ्यांदा करत नाही. या कामाला कुणी आंदोलन म्हणणार नाही. पण तीन मुलांची नावं दुरुस्त झाल्यानं पद टिकल्याचं उदाहरण माझ्याच केंद्रात आहे.

तुम्ही शिक्षण सेवक आहात, घरच्यांची काळजी खोटी नाही. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सांगितलंय. ५ डिसेंबर २०२५ च्या वेळी एका दिवसाचं वेतन कापण्याच्या सूचना निघाल्या होत्या. एका दिवसाची किरकोळ रजा आणि बेमुदत संप यांत फार फरक आहे. किरकोळ रजेत तुम्ही रीतसर अर्ज देता, मुख्याध्यापकांची पोच घेता, प्रत जवळ ठेवता, रजा नामंजूर झाली तर त्या दिवसाचं मानधन जाईल हे धरून चालता. बेमुदत संपात मात्र परिवीक्षेतल्या माणसानं उतरू नये, मी कधी कुणाला तसं सांगितलं नाही. आणि कुणी पदाधिकारी 'काही होत नाही, या तुम्ही' असं नुसतं तोंडी सांगत असेल तर संघटनेनं प्रशासनाला दिलेल्या नोटिशीची प्रत मागा. नोटीस दिलेली असणं हे तुमचं संरक्षण आहे.

मोर्चाच्या दिवशी शाळेत खिचडी शिजली पाहिजे, यावर मी अडून बसतो. द्विशिक्षकी शाळेतले दोघंही गेले तर शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवण बंद. तुमच्या १७ मधल्या तीन-चार मुलांना त्या जेवणावाचून दुपारी काय मिळतं हे तुम्हाला माहीत असेल. एकानं थांबावं, दुसऱ्यानं जावं. किंवा आदल्या दिवशी व्यवस्थापन समितीशी आणि स्वयंपाकाच्या ताईंशी बोलून एखाद्या पालकाच्या देखरेखीखाली जेवण चालू ठेवता येतं का ते विचारा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सगळ्या ५५ काउंट्यांतल्या शिक्षकांनी नऊ दिवस शाळा बंद ठेवल्या. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी त्यांनी आधी डबे भरून ठेवले होते आणि मग ते रस्त्यावर आले. पालक त्यांच्या पाठीशी राहिले, त्यांना पगारवाढही मिळाली. आपल्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे, करत मात्र कुणी नाही.

वाडीतल्या पगाराच्या प्रश्नाला टाळू नका. बैठकीत तो येणारच. तुमचं १६,००० चं मानधन आकड्यासह सांगा, बहुतेकांना ते माहीतच नसतं. तुमच्या जोडीदार शिक्षकांचा पगार जास्त असेल, तोही लपवू नका. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शाळांकडे दुर्लक्ष होतं, अशी त्यांची तक्रार होती. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा असंही मांडलं. गावची शाळा आणि मास्तरचा पगार हे दोन वेगळे प्रश्न त्यांना कधी वाटले नाहीत. वाडीत हे सांगितलं तर लोक ऐकतात. पण मग पुढचा प्रश्न येतो: तुमची मुलं कुठे शिकतात? माझी दोन्ही मुलं मी ज्या गावी होतो त्या जिल्हा परिषद शाळेत शिकली, त्यामुळे मला मान वर करून बोलता आलं. माझ्या अनेक सहकाऱ्यांना ते जमत नसे आणि गाव ते बरोबर ओळखतं.

समूह शाळेविषयी एक कबुली. विरोध करताना आम्ही सरसकट विरोध केला, तो चुकला. वर्गात एकटंच बसलेलं मूल मी पाहिलंय. खेळायला गडी नाही, भांडायला जोडीदार नाही, त्याचं शिक्षण पूर्ण होतंय असं मी म्हणणार नाही. जिथे पालक स्वतःहून तयार आहेत, वर्षभर भरवशाची गाडी आहे आणि मुलींना पाठवायला घरचे कचरत नाहीत, तिथे केवळ आपलं पद राहावं म्हणून संघटनेनं आडवं पडू नये. मात्र गाडीचा भरवसा म्हणजे पहिल्या वर्षीचं उद्घाटन नव्हे. तिसऱ्या पावसाळ्यातही ती त्याच वेळेला येते का, हे पाहायचं. तोवर वाडीवरची शाळा, दोन शिक्षकांसह, चालू राहिली पाहिजे. तुमच्या वाडीतल्या पालकांनाच विचारा, आणि ते नको म्हणाले तर ते 'नको' त्यांच्या सहीनं कागदावर घ्या.

आता बैठकीचं. ती शाळेत दुपारी लावू नका, कुणी येणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर, देवळात किंवा कुणाच्या पडवीत ठेवा, तेव्हाच बायका मोकळ्या होतात आणि शाळेविषयी खरं त्याच बोलतात. पोर्टलच्या संचमान्यतेच्या पानाची छापील प्रत घेऊन जा. तक्ता वाचून दाखवू नका. फळ्यावर तुमचा आठवड्याचा तासिका तक्ता काढा, तुमच्या आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या अशा दोन रंगांच्या खडूंनी. मग एक रंग ओल्या फडक्यानं पुसा आणि विचारा, या रिकाम्या तासांत पहिलीच्या मुलांना कोण शिकवणार? नंतर त्यांना बोलू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या. ठराव त्यांच्याच शब्दांत व्हायला हवा. त्याची एक प्रत मोर्चाला येताना बरोबर आणा. निवेदन देणारे पदाधिकारी घाईत असतात, तेव्हा दालनात शिरण्याआधीच ती त्यांच्या हातात द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागायला विसरू नका.